माळजाईची तांबी

देवळासमोर ही जी दगडाची कुत्री बसलीय ना, ती आधी नीट बघून घ्या. दुसऱ्या देवींसमोर सिंह असतो, कुठं कासव असतं. आमच्या पिंपरणवाडीच्या माळजाईपुढं कुत्री आहे. तिच्या पुढच्या दोन पायांत काहीतरी धरलेलं दिसतं. शहरातून आलेली पोरं म्हणतात चेंडू आहे. चेंडू कुठला बाबांनो, हाड आहे ते. आणि ती ते खात नाही, नुसती धरून बसलीय. म्हणून तुमच्या गाडीतल्या कुत्र्यालाही खाली घ्या, बिचारं काच चाटून चाटून दमलंय. आमच्याकडं कुत्र्याला देवळात मज्जाव नाही. मी इथला गुरव, मीच सांगतोय म्हटल्यावर कोण अडवतंय? बसा त्या कट्ट्यावर, सांगतो.

फार मागची गोष्ट. किती मागची ते माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. या माळावर तेव्हा लांडग्यांचं राज्य होतं, आणि वाडी म्हणजे धनगरांची आणि कुणब्यांची मिळून मूठभर घरं. त्यात सकवार नावाची एक बाई राहायची. नवरा मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेला, घरात ही आणि हिची लेक ठमी. दारात एक कुत्री, तिचं नाव तांबी.

एका हिवाळ्यात सकवारची शेळी व्याली आणि त्याच दिवशी मेली. मागं पिल्लू राहिलं, पांढऱ्या अंगावर कवड्या फेकल्यासारखे ठिपके. त्याच सुमाराला लांडग्यानं तांबीची पिल्लं उचलली होती. ती ओसरीखाली पडून असायची, पान्ह्यानं आचळं ताठलेली. सकवारनं विचार केला, बघू तरी, आणि ते करडू नेऊन तिच्या पोटाशी लावलं. तांबीनं वास घेतला, एकदा गुरगुरली, आणि मग चाटायला लागली म्हणे. कुत्रीच्या दुधावर शेळीचं पोर वाढलं. आता खरं म्हणाल तर खरं, खोटं म्हणाल तर खोटं, पण सांगतात असं.

त्याचं नाव ठेवलं कवड्या. हाक मारली की माणसासारखा यायचा. ठमीच्या ताटातली भाकरी पळवायचा, तांबीच्या पाठीवर चढायचा, सगळ्या वाडीच्या ओसऱ्या फिरून यायचा. एक शिंग वाकडं होतं, त्यावरून लांबूनही ओळखू यायचा. शेजारची गुणाबाई म्हणायची, "सकवारे, तुझं हे कारटं बोकड न्हाई, मागल्या जन्मीचा माझा जावई हाय. मान ठेवला न्हाई की रुसतंय."

पुढं ठमीला ताप आला. उतरेचना. पोर डोळे पांढरे करायला लागली तेव्हा सकवार धावत इथं वर आली, याच उंबऱ्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "आई, माझी पोर ठेव. जत्रंला घरचा जीव देईन, हातानं वाढवल्याला." घाईत माणूस जे तोंडाला येईल ते बोलून जातं. ठमी उठून बसली. आठ-दहा शेळ्या दारात असत्या तर काही अडचण नव्हती. पण त्या साली शेळ्यांवर रोग आला आणि जत्रेपर्यंत सकवारच्या दारात एकच बोकड उरला. कवड्या.

आता या गावाची एक रीत सांगितली पाहिजे, तिच्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. नवसाचा बोकड घरचा असावा असा दंडक होता. आणि घरचा बोकड म्हणजे नावाचा, हाकेला येणारा. तो कुणाच्यानं कापवेल? म्हणून शहाण्या पूर्वजांनी एक तोड काढली होती. जत्रेच्या आदल्या सकाळी सगळे पारावर जमायचे आणि बोकडांची अदलाबदल करायचे. माझा तुला, तुझा मला. तुझ्या बोकडाचं नाव मला ठाऊक नाही, माझ्याचं तुला नाही. ज्यानं त्यानं दुसऱ्याचा द्यायचा, देवीचंही भागलं, आपलंही भागलं, आणि रस्सा ओरपताना घशात काही अडकत नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही! पिढ्यान्पिढ्या असं चाललं होतं.

सकवारनं कवड्या गुणाबाईला दिला आणि गुणाबाईचा काळा बोकड घरी आणला. दोरी हातात देताना तिनं तोंड फिरवलं. मनात म्हणाली, मी कुठं कापतेय? पोरीच्या जिवासाठी जातोय. पण घरी आल्यावर ठमीनं काळ्याच्या गळ्याला मिठी मारली. "आये, ह्यो तर गुणाकाकूचा काळ्या हाय. ह्याला मी रोज पाला घालते." सकवारनं तिचे हात सोडवले. ती तशीच काळ्याला घेऊन पाराकडं गेली आणि गावच्या माणसांना म्हणाली, "मला ओळखीचा नगं. ह्याला घ्या, आन् बदल्यात कुणाचाबी द्या. न्हाईतर असं करा, बोकड दावूच नका. वढ्यावरनं मटनच धाडा झाकून. तोंड बघायला नगं."

माणसं म्हणाली, बरं.

आणि तिला काय माहीत, गुणाबाईच्या दारातही तेच चाललं होतं. जावई म्हणून ज्याची थट्टा केली त्याला कोण कापणार? तिनं कवड्या पुढच्या घरी बदलला. तिथल्या म्हातारीच्या चुलीपुढं तो रोज ऊब घ्यायला यायचा, तिनंही त्याला पुढच्या दारी लोटला. असा कवड्या दुपारपर्यंत अर्धी वाडी फिरला. ज्याच्या दारात जावं तो ओळखायचा, कपाळावर हात मारायचा आणि म्हणायचा, आमच्याकडं नको, पलीकडं न्या. पण एकही जण असं म्हणाला नाही, की अरे, मग सोडून देऊ या ह्याला. जो तो फक्त आपल्या दारातून हलवत होता.

शेवटी जत्रेच्या सकाळी ओढ्यावर नेला. तिथं बोकड कापणारा मुलाणी बसलेला. तो दुसऱ्या गावचा, त्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, हा कुणाचा? माणसं एकमेकांकडं बघायला लागली आणि म्हणाली, गावाचा. झालं. गावाचा म्हणजे कुणाचाच नाही. सुरी फिरली.

जत्रेच्या दुपारी सकवारच्या दारात पळसाच्या पानांनी झाकलेली टोपली आली. तिनं मसाला वाटला, चुलीवर कालवण ठेवलं. जवळजवळ वर्षभरानं घरात मटण शिजत होतं. ठमी आजारातून उठलेली, तिला चांगली भूक लागली होती. दोघी पोटभर जेवल्या. सकवारनं स्वतः दुसऱ्यांदा वाढून घेतलं, हेही सांगतात. मी मुद्दाम सांगतोय, कारण ती पुढं आयुष्यभर हे एकच बोलत राहिली.

उरलेलं हाड तिनं तांबीच्या कोरंब्यात, म्हणजे तिच्या खायच्या भांड्यात टाकलं. आता तांबी काही सोवळ्यातली नव्हती. हाड दिसलं की आधी गिळायची, मग वास घ्यायची. त्या दिवशी तिनं आधी वास घेतला. मग कान पाडले. अंगणातल्या त्या मेखेकडं गेली, जिथं कवड्या बांधलेला असायचा. तिथली माती हुंगली. परत आली, हाड हुंगलं, पुन्हा मेखेकडं गेली. मग तिनं असा काही आवाज काढला म्हणे, की शेजारपाजारची माणसं ताटावरून उठली. तिनं ते हाड अलगद तोंडात धरलं, पिल्लू धरावं तसं, दात न लावता, आणि वाट धरून टेकडी चढून इथं आली.

ठमी म्हणाली, "आये, तांबी खाईना. कवड्याला घिऊन गेली."

सकवारला आधी काही कळेचना. मग तिनं ओढ्यावरून आलेल्या माणसाला गाठलं आणि एवढंच विचारलं, "माज्या टोपलीतला कसा हुता?" तो वळून चालायला लागला. तिनं त्याचं मुंडासं धरलं. "शिंग कसं हुतं त्येचं?" तो खाली बघून म्हणाला, "वाकडं."

 ती तिथंच रस्त्यात बसली. "आगं आई गं, म्या खाल्ला त्येला. चवीनं खाल्ला. परत वाढून घेतला गं." गुणाबाई जवळ बसून रडत होती. तिच्याही घरात कुणाचा तरी बोकड शिजलेला होता.

संध्याकाळच्या आत ठमीचं अंग पुन्हा तापलं. मग मात्र सकवार हादरली. कवड्या तर गेलाच, आता पोरही जाणार? नवस बोलला घरचा जीव, आणि दिला कसा, तर चोरासारखा, तोंड फिरवून. देवीला तो पोचला की नाही? तिनं पोर खांद्यावर टाकली आणि इथं आली. मागोमाग सगळा गाव आला, कारण भीती सगळ्यांनाच वाटली होती.

देवळाच्या दारातच तांबी बसलेली, पायांत हाड धरून. पाटील म्हणाला, हाकला तिला, विटाळ होतोय. सकवार म्हणाली, "तिला कुनी हात लावायचा न्हाई. तुमच्यापरास तिनंच त्येचा मान ठिवला."

मग कौल लावला. आमच्याच घराण्यातला कुणी गुरव होता तेव्हा. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. सकवारनं विचारलं, "आई, आमी बदलून दिल्यालं तुला पोचलं का?" डावं फूल पडलं. नुसतं तिचंच नव्हे बरं का, पिढ्यान्पिढ्यांचं. एकाचंही पोचलेलं नव्हतं. एवढे बोकड गेले, खाल्ले कुणी, तर आपणच. आणि नाव देवीचं.

 सकवारनं पोर देवीपुढं ठेवली. ती म्हणाली, "आई, खरं सांगते. तुझ्यापुढं त्येला धराय लागलं असतं, तर माज्यानं धरवलं नसतं. तवाच येऊन सांगाया पायजे हुतं, की मला जमत न्हाई, दुसरं काय मागशील ते माग. ते म्या सांगितलं न्हाई. तोंड फिरवलं. आता ह्या तोंडानं पुन्यांदा मटन खानार न्हाई. एवढ्यावर माजी पोर सोड."

सगळे फुलांकडं बघत होते. उजवं पडलं.

तेव्हा पाटील पुढं आला. मटणाचा शौकीन गडी, पण गावाचा कारभारी. त्यानं विचारलं, "आई, मग आमीबी समद्यांनी सोडायचं का?" कुठलंच फूल हललं नाही. बराच वेळ थांबले. शेवटी त्यानं दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं, "ज्येचा त्येनं, आपल्या हातानं धरून, नाव घिऊन दिला तर चालंल?" उजवं पडलं.

आता बघा, एक काहीतरी सांगितलं असतं तर गाव सुटलं असतं. खा म्हणाली असती तर खाल्लं असतं, नको म्हणाली असती तर तुळशीच्या माळा घातल्या असत्या. पण माळजाईनं ते ज्याच्या त्याच्या हातावर सोडलं. तुझा आहे ना, मग तूच बघ. लोक म्हणतात आमची देवी कडक आहे, ती बोकड मागते म्हणून नव्हे. ती तोंड फिरवू देत नाही म्हणून.

ठमीचा ताप उतरला. कशानं, ते मी सांगत नाही. ती म्हातारी होऊन मेली एवढं सांगतात. तांबी मात्र पुन्हा घरी आली नाही. सकवार रोज भाकरी घेऊन वर यायची. तांबी खायची, शेपूटही हलवायची, सकवारचा हात चाटायची. राग असा काही नव्हता तिच्यात. पण सकवार उतरायला लागली की पहिल्या पायरीपर्यंत यायची आणि तिथूनच मागं फिरायची. सकवार रोज खालून हाक मारायची. तांबी मेली तेव्हा गावानं वर्गणी काढून हा दगड घडवून घेतला. पाथरवटानं विचारलं, सिंह करू का, शोभून दिसेल? सकवार म्हणाली, कुत्री कर, आणि हाडाला तिचे दात लावू नकोस.

आजही जत्रेला आमच्याकडं बोकड पडतात, नाही असं नाही. पण अदलाबदल बंद. झाकलेली टोपली वेशीच्या आत येत नाही. ज्याचा बोकड त्यानं आणायचा, घरच्या कुत्र्याला सोबत घेऊन. या तांबीपुढं उभं राहायचं, बोकडाला नावानं हाक मारायची आणि त्याचं डोकं स्वतः धरायचं. पुष्कळ जण धरतात. शेतकरी माणसं आहेत, कष्टाची आहेत, डोळ्यांत पाणी आणून धरतात आणि मग पानातलं काही टाकत नाहीत. काही जण हाक मारतात आणि बोकड जवळ आला की दावं सोडून देतात. त्यांना कुणी हसत नाही. त्यांच्यासाठी हुलग्याच्या घुगऱ्या शिजतात, पंगत एकच असते. गेल्या साली एक पैलवान गडी सहा फुटी, मिशीला पीळ दिलेला, हाक मारून उभा राहिला आणि हमसून हमसून रडत बोकड खांद्यावर घालून घरी गेला. त्याला घुगऱ्या शिजवणाऱ्या म्हातारीनं डबा भरून दिला.

तर पाव्हणं, मघाशी आल्या आल्या तुम्ही विचारलंत, इथं गावरान मटण मिळेल का. मिळेल की, न मिळायला काय झालं? आमचाच बोकड आहे, त्या पलीकडच्या लिंबाखाली बांधलाय. तुमच्या कुत्र्याची नि त्याची ओळखही झालेली दिसतेय, बघा कसे नाकाला नाक लावून उभे आहेत. त्याचं नाव बत्ताशा. जा, एकदा हाक मारून या. तोवर मी चुलीला जाळ घालतो. मटण म्हणालात तर मटण, नाहीतर घुगऱ्या आहेतच.