सीमेवरची शीग

एका राज्यात मीठ पिकत होते, शेजारच्या राज्यात भात, आणि पलीकडच्या डोंगरी राज्यात औषधी मुळ्या. माप भरले की वर शीग चढवूनच शेजाऱ्याला द्यायचे, अशी तिथली जुनी रीत. पण माझी शीग मोठी, त्याची लहान, असे प्रत्येक राजाला वाटू लागले. आणि शहाण्यांनी निवाड्याला बोलावले कुणाला, तर समुद्रापारच्या कनकाक्ष मायावीला!

कनकाक्षाने सोन्याचे माप पुढे केले. "यापुढे सारा माल माझ्या बेटावर, याच मापाने मोजायचा. शीग माझी. दुसऱ्या मापाचा माल सीमेवर राख होईल."

राजांनी माना डोलावल्या. तेव्हापासून हाकेच्या अंतरावरचा भातही समुद्र फिरून येऊ लागला, आणि बेटावर शिगांचे डोंगर उभे राहिले.

मीठराज्याचा राजा सुमेध. त्याची लेक कुमुद्वती भातराज्याच्या राजघराण्यात दिली होती. ती आजारी पडली. तिला हवी होती डोंगरातली ताजी मुळी. बेटावरून येईतो ती वाळून जाई.

कुमुद्वतीची मैना सुमेधाकडे उडत आली. "महाराज, तिन्ही राजांनी आपापली मापे वितळवून एकच माप ओतले, तर कनकाक्षाचा शाप तुटेल."

"आमच्या मापावर पूर्वजांची मुद्रा आहे. आधी त्या दोघा राजांनी द्यावे."

मैना पुन्हा आली. "डोंगरच्या राजांनी दिले."

"आणि व्याह्यांनी?"

मैना तिसऱ्यांदा आली. "त्यांनीही दिले. ताईसाहेब वाट पाहताहेत."

"उद्या दरबारात विचार करू."

हाय रे, काय अडले होते त्या दरबारावाचून! मैना चौथ्यांदा आली. तिने कुमुद्वतीची अंगठी राजापुढे ठेवली. लेक गेली होती.

राजा अनवाणी सीमेवर गेला आणि पूर्वजांचे माप त्याने स्वतः आगीत टाकले. नवे माप ओतताच सोन्याचे माप तडकले. मुळ्या ताज्याच्या ताज्या सीमा ओलांडू लागल्या, कनकाक्षाच्या बेटाकडे एकही गलबत फिरकेना. तिन्ही राज्ये सुखी झाली. सुमेध तेवढा झाला नाही.

तो रोज सीमेवर बसून लेकीच्या सासरच्यांना मीठ मोजून देई.

"महाराज, शीग सांडते आहे," एक गाडीवान म्हणाला.

राजाने आणखी एक ओंजळ वर ओतली.

"सांडू दे, बाबा. द्यायचे होते तेव्हा मी हात आखडला."