कौतिकाबाईच्या जळक्या झावळ्या

केवळगीर महाराज त्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला, सालवाडी गावी महादेवाच्या देवळात मुक्कामाला होते. सत्पुरुष गावात आले म्हणजे गाव सुधारतेच असे नाही. सालवाडी तर मुळीच सुधारली नाही.

देवळाला लागून कौतिकाबाई नावाच्या माळणीची बाग होती. ती रोज देवाला फुले देई, म्हणून देवस्थानाने तेवढी जागा तिला कसायला दिलेली. बाई विधवा, पोटी मूल नाही. सुवासिनी असताना तिच्या ओटीत पडलेल्या पाच नारळांना कोंब फुटले होते. कोंब आलेला नारळ फोडू नये, लावावा, अशी रीत. तिने ती पाळली. पुढे धनी गेला, ओटी भरणाऱ्या बायांनी पाठ फिरवली, पण झाडे वाढत राहिली. वऱ्हाडाच्या मातीत नारळ! सातव्या वर्षी ती फुलण्याच्या बेतात आली. पहिला नारळ महादेवापुढे फोडायचा, एवढीच बाईची आस होती.

गावचे व्यंकटराव पाटील देवस्थानाचे पंच. येता-जाता म्हणत, “कौतिके, विधवेच्या ओटीतलं झाड कधी फळते काय?” आणि सोबतचे हसत. एकाने तरी त्यांना गप्प करायला हवे होते. कोणी केले नाही, याची मला अजून चीड येते.

पौषात थंडी अशी पडली की गवतावरचे दव गोठून मीठ पसरल्यासारखे दिसू लागले. चार दिवसांत पाचही झाडांच्या झावळ्या करपल्या. कौतिकाबाईने महाराजांचे पाय धरले. “महाराज, माहे झाडं गेले हो!”

महाराजांनी शेंडे निरखून पाहिले. म्हणाले, “गेली नाहीत, माय. पानं जळाली, गाभा जिवंत आहे. आता ही जळकी पानंच त्याचं पांघरूण. थंडी सरेपर्यंत एकही तोडू नकोस.”

पण शिवरात्र जवळ आली होती. पाटील दोन गडी आणि कोयते घेऊन बागेत शिरले. “देवापुढं हे मढे नको. साफ करा!”

“पाटील, महाराजांनी नाही म्हटलं,” कौतिकाबाई आडवी आली.

“महाराजांनी नाम घ्यावं. झाडं आमाले समजते!”

तिच्या डोळ्यांदेखत चार झाडे बोडकी झाली. पाचव्यावर कोयता उचलला, तोच महाराज आले आणि त्यांनी खोडाला मिठी मारली. “आता माझ्यावर चालवा.” गड्यांनी कोयते खाली ठेवले.

त्याच संध्याकाळी डोंगरावरचे गार वारे पुन्हा सुटले. महाराजांनी शिडी लावली, जळक्या झावळ्या वर गोळा करून कोंबाभोवती दोरीने बांधल्या, अंगावरची एकुलती एक घोंगडी त्यावर गुंडाळली आणि उघड्या अंगाने खोडाला टेकून बसले.

सकाळी गाव जमले. सगळी बाग पांढरी, पण त्या झाडाभोवती दवाचा कणही गोठला नव्हता. आणि महाराजांच्या पाठीवर? झावळीच्या पात्यांसारखे करपलेले काळे पट्टे! झाडाची थंडी त्या माउलीने अंगावर घेतली होती.

फाल्गुनात पाचव्या झाडाला हिरवे पान आले. बोडक्या चारही झाडांचे कोंब मात्र ओढताच हातात आले, कुजलेले, घाण वास मारणारे. महाराजांच्या पाठीवरचे पट्टे तसेच होते. ते पाहून पाटलांनी लोटांगण घातले. “चुकलो, महाराज! ते चार झाडंबी जगवा. तुमाले काय अवघड हाय?”

महाराजांनी पाय मागे घेतले. “थंडीनं मारली असती, तर मी देवाशी भांडलो असतो. ही तुम्ही मारलीत, व्यंकटराव. डोकं टेकायचं तर तिच्यापुढं टेका.”

साऱ्या गावासमोर पाटलांनी त्या विधवेच्या पायांवर डोके ठेवले. तिने बागेतल्या चार बुंध्यांकडे पाहिले.

मग म्हणाली, “उठा, पाटील. महादेव तुमाले माफ करन, त्याचं मन मोठं हाय. मी रोज सकाळी उठून हे चार बुंधे पाह्यतो. माह्याच्यानं नाही होत.”

पाटील उठले नाहीत. महाराजांनीही त्यांना उठा म्हटले नाही.