राजाच्या ताटातला फणस

एका राज्यात शूरध्वज नावाचा राजा होता आणि मटणावाचून त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा त्याने एका चेटकिणीची पाळलेली हरिणी मारून खाल्ली. चेटकीण म्हणाली, "यापुढे मांस खाशील तर तुझी लेक जनावर होईल. कुणाचा जीव न घेता पोटभर तृप्त होशील, त्याच दिवशी शाप सुटेल."

राजाने मांस सोडलं. म्हणजे काय, फोडी सोडल्या! सणावाराला नुसता रस्सा घेतला तर कुठे बिघडतं, असं त्याने स्वतःच ठरवलं. पहिली वाटी संपली आणि राजकन्या हेमकळेचा डावा कान शेळीचा झाला. तेव्हापासून राजा दुधीच्या भाजीकडेही संशयाने पाही आणि अर्धपोटी उठे.

अशात सगुणा नावाची आचारीण आली. तिने ताट वाढलं. वर लाल तवंग, खाली मऊ शिजलेल्या, धागे सुटणाऱ्या फोडी. राजाचा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला.

"हे मटण आहे."

"कच्चा फणस आहे, महाराज."

"फणसाला असा वास?"

"वास मसाल्याचा."

राजाने तीन परीक्षा मांडल्या. शिकारी कुत्र्याने फोड गिळून वाटी चाटली. बोलकी साळुंकी चोच मारून म्हणाली, "बकरं आहे, कोवळं बकरं." जन्मात मांसाला न शिवलेले प्रधान उपरण्याने नाक दाबून बाहेर पळाले. ज्याने कधी चाखलं नाही त्याची साक्ष कशी घ्यायची, हे मला अजून कळलेलं नाही. पण राजाला ती पटली.

"माझ्या लेकीचा घात करायला आलीस! बांधा हिचे हात," म्हणत त्याने तलवार उपसली.

शिपायाने दोरी गुंडाळली, तर ती सगुणेच्या बोटांनाच चिकटली. हेमकळा पुढे झाली. सगुणेची काळी पडलेली बोटं तिने निरखून पाहिली.

"तात, रक्त असतं तर पाण्याने गेलं असतं. हा फणसाचा चीक आहे."

राजाने बोट लावलं. तेही चिकटलं. मग त्याने एक घास घेतला आणि लेकीच्या कानावर नजर खिळवली. काही झालं नाही. दुसरा घेतला. मग ताट रिकामं झालं, राजाने मोठा ढेकर दिला आणि हेमकळेचा कान पुन्हा माणसाचा झाला.

राज्याला सुख लाभलं. राजाने खोबरेल तेलाची वाटी मागवली आणि स्वतः खाली बसला.

"हात दे. चीक मी काढतो."

तलवार म्यानात गेलेली पाहीपर्यंत सगुणा हलली नाही. मगच तिने हात पुढे केला.