घोंगडीखालची गिटार

एका गावात गिटार शिकवणारी एक बाई होती. तिचं नाव वृंदा कडलग. हात चांगला, कान चांगला आणि घरात दीड वर्षाची मुलगी. त्यामुळे मोठ्याने ॲम्प्लिफायर लावायचा प्रश्नच नव्हता. मुलगी दुपारी झोपली की वृंदा हेडफोन घालायची आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायची. वेळ मिळायचा पाऊण तास. तोही मुलीच्या मर्जीवर.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज खरा घडतो तो स्पीकरच्या लाकडी खोक्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये. ते दणक्यात वाजवायची सोय नसेल तर लोक त्याचा ठसा वापरतात. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. कॅबिनेटमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एक सूर सोडायचा, समोर माइक ठेवायचा आणि कॅबिनेट त्या सुराला कसं उत्तर देतं ते टिपून घ्यायचं. त्याची एक छोटीशी फाइल होते. ती कॉम्प्युटरमध्ये लावली की झोपलेल्या मुलीशेजारी बसूनही गिटार मोठ्या कॅबिनेटमधून आल्यासारखी वाजते.

त्याच गावात रज्जाक मणेर राहायचे. लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. लग्नसराई संपल्यावर रिकाम्या मंगल कार्यालयात महिनाभर बसून त्यांनी आपल्या जुन्या कॅबिनेटचे ठसे घेतले होते. नलिनीबाई सरवदे नाटक बसवत होत्या. नाटकातली सगळी गिटार याच ठशांवर वाजवायचं त्यांच्या मनात होतं. "फक्त एकदा वृंदाताईंना ऐकवा," त्या रज्जाकभाईंना म्हणाल्या. "त्यांनी बरं म्हटलं की झालं."

रज्जाकभाईंनी फाइल पाठवल्या. वृंदाने दुपारी पहिली लावली आणि तार छेडली. आवाज बसका आला, गुदमरलेला. आतल्या खोलीत मुलीने कूस बदलली. वृंदाला घाई झाली. तालुक्यातल्या गिटारवाल्यांचा एक ग्रुप होता. दोनशे माणसं. त्यात नलिनीबाई होत्या, रज्जाकभाईही होते. वृंदाने तिथेच लिहिलं, "रज्जाकभाईंचे ठसे ऐकले. घोंगडीखाली गिटार वाजतेय. कुणी वेळ घालवू नका."

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. "भाई, घोंगडी धुऊन तरी द्यायची!" एकाने लिहिलं. नलिनीबाईंनी लिहिलं की त्या दुसरीकडे बघतील.

दोन दिवसांनी वृंदा स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायला बसली. तिने परदेशातल्या एका नामांकित माणसाची फाइल लावली. तीही घोंगडीखाली. दुसऱ्याची लावली. तीही. एवढ्या सगळ्यांना एकदम घोंगड्या कुठून मिळाल्या, हा प्रश्न तिला तेव्हाच पडायला हवा होता. तो पडायला आणखी एक फाइल लागली.

मग तिने पायाशी पाहिलं. तिथे तिचा प्रोसेसर होता, गिटारचा आवाज घडवून कॉम्प्युटरकडे नेणारी पेटी. त्याच्या आतच कॅबिनेटची एक तयार नक्कल असते. क्लासमध्ये ती लागते. बाहेरचा ठसा वापरायचा असेल तेव्हा मात्र ती बंद करायची असते. तिचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे एका कॅबिनेटचा आवाज दुसऱ्या कॅबिनेटमधून जात होता. ही चूक करू नका, असं वृंदा विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावायची.

तिने स्विच बंद केला आणि रज्जाकभाईंची फाइल पुन्हा लावली. आवाज खणखणीत आला. तारेला नखी घासल्याचंसुद्धा ऐकू येत होतं.

"मेसेज उडवून टाक," नवरा म्हणाला. "कोण लक्षात ठेवतंय?"

हे वृंदाला फार पटकन पटलं. इतकं पटकन, की तिचं तिलाच बरं वाटेना. तिने रज्जाकभाईंना फोन लावला.

"भाई, चूक माझी होती. माझाच स्विच चालू राहिला होता."

"असं होय!" ते म्हणाले. "होतंय ताई. मी पण एकदा अख्ख्या वरातीत माइक बंद ठेवून गाणाऱ्याला शिव्या घातल्यात."

दोघं हसली.

"मग माफ केलंत ना?"

"केलं की. पण ताई, चूक माझ्या कानात सांगितलीत. बोल मात्र चौकात लावला होता."

"त्या ग्रुपवर माझ्या क्लासची मुलं आहेत हो. त्यांचे आईवडील आहेत."

"माझी पण माणसं आहेत तिथं," रज्जाकभाई म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दुपारी मुलगी झोपल्यावर वृंदाने एकच सुरावट दोनदा वाजवली. एकदा स्विच चालू ठेवून, एकदा बंद करून. दोन्ही तुकडे तिने ग्रुपवर टाकायला घेतले आणि खाली लिहिलं, "घोंगडी माझी होती. रज्जाकभाईंचे ठसे उत्तम आहेत. मी न तपासता बोलले." पाठवण्याआधी तिने ते चार वेळा वाचलं. चारही वेळा 'न तपासता' हे दोन शब्द काढावेसे वाटले. ते तसेच ठेवून तिने मेसेज पाठवला.

"मॅडम, हा तर आमचा पहिल्या महिन्याचा धडा!" एका विद्यार्थ्याने लिहिलं. हसरी तोंडं पुन्हा आली. या वेळी ती वृंदाला हसत होती. एका पालकाने वेगळा निरोप धाडला की मुलाला ते दुसऱ्या क्लासला घालत आहेत. ते वृंदाला लागलं. तरी तिने मेसेज उडवला नाही.

संध्याकाळी नलिनीबाईंनी दोन्ही तुकडे ऐकले आणि सगळ्यांसमोर लिहिलं, "रज्जाकभाई, उद्या ठसे घेऊन तालमीला या. वाट बघते."

त्याखाली रज्जाकभाईंचा मेसेज आला. "येतो. आणि ताई, दुसऱ्या तुकड्यात तिसरी तार जराशी उतरलीय."

वृंदाने या वेळी आधी गिटार उचलली आणि तिसरी तार छेडली. खरंच उतरली होती. तिने ती सुरात आणली आणि दोनशे माणसांसमोर लिहिलं, "बरोबर, भाई."

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्याआधी आपलं साधन तपासावं, आणि चुकून नावं ठेवलीच, तर ती जितक्या लोकांसमोर ठेवली तितक्याच लोकांसमोर मागे घ्यावीत.