शेंगदाण्याविना भरीत

"…मग याला वैराग्य नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं, बुवा?"

मठाच्या ओसरीवर बसून केवलबुवा टोपलीतली वांगी ओल्या फडक्यानं पुसत होते. मोठाली, हिरवट, खास भरताची वांगी.

विचारणारी मिहिका भोळे. सोळा वर्षांची, अकरावीतली. पाठ ताठ, मांडीवर दप्तर. तिच्यामागे दोन हातांवर तिचे वडील, डिगंबर भोळे गुरुजी. जळगावहून ते तिला घेऊन तापीकाठच्या या लहानशा मठात आले होते. मुलीनं अनुग्रह मागितला होता.

"दोन वर्षं झाली," मिहिका म्हणाली. "लग्नात जेवले नाही, वाढदिवसाला नाही, गाडीवरचं नाही. वरण-भात, पोळी आणि दुधीची भाजी, बस. जिभेचे सगळे चोचले संपले. मैत्रिणी पाणीपुरीसाठी जीव टाकतात, तर मला हसू येतं."

"मोठ्यानं येतं, का मनातल्या मनात?"

मिहिकानं मांडीवरचं दप्तर सरळ केलं.

"म्हणजे तू सोडलंस," बुवा म्हणाले. "की हातून सुटलं?"

"त्यात काय फरक?"

"सोडलेल्याची माणूस चौकशी करत नाही. तू आल्यापासून तीनदा विचारलंस, आज जेवायला काय आहे."

तिचा चेहरा लाल झाला. "खबरदारी म्हणून विचारलं."

"बरं."

…

खबरदारीचं कारण खरं होतं.

शेंगदाणा तिला लहानपणापासूनच सोसत नसे. अंगावर गांधी उठत, खाज सुटे, उतरे. घरचे म्हणत, मोठी झाली की जाईल. मग नववीत एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं सँडविच खाल्लं. हिरव्या चटणीत दाण्याचं कूट होतं. ते कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पाच मिनिटांत ओठ सुजले. दहाव्या मिनिटाला घसा आवळला. शेजारच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून वाचली.

तेव्हापासून घरातून शेंगदाणे गेले. त्यांच्यामागोमाग बरंच काही गेलं. सहल गेली. मामाच्या गावची लग्नं गेली. गुरुजी प्रत्येक मैत्रिणीच्या आईला फोन करून बजावू लागले, तशा मैत्रिणी बोलावीनाशा झाल्या. वाईट म्हणून नव्हे. घाबरून. शाळेत मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत बसून डबा खाई. सगळे तिच्याशी फार हळू आवाजात बोलत.

पहिलं वर्ष ती रडली. दुसऱ्या वर्षी तिला मठाचं एक पुस्तक मिळालं आणि त्यात हा शब्द सापडला. वैराग्य. तो तिला एकदम अंगासरसा बसला.

गुरुजींनीही हरकत घेतली नाही. मुलगी कुठंतरी जायचं म्हणतेय, एवढंच त्यांना पुष्कळ होतं.

…

"आज भरीत आहे," बुवा म्हणाले. "कसं लागतं, आठवतं तुला?"

"…नाही. आई आता घरात करतच नाही."

"खाशील?"

"बुवा, तिला चालत नाही," गुरुजी घाईघाईनं पुढे सरकले. "भरतात दाणे असतात. आणि नुसते दाणे नाहीत, तेलही तेच. तिला नुसता उष्टा हात लागला तरी…"

बुवांनी टोपलीतलं सर्वांत मोठं वांगं उचललं आणि गुरुजींच्या दोन्ही हातांत ठेवलं.

"हे धरा जरा."

गुरुजी वांगं सांभाळत पुन्हा मागे सरकले.

"द्वारकाबाई!" बुवांनी हाक मारली.

मठाचा स्वयंपाक करणाऱ्या द्वारकाबाई पदराला हात पुसत आल्या.

"या मुलीला शेंगदाणा जिवावर बेततो. तिच्याजोगतं भरीत करता येईल का?"

"अवो बुवा, शेंगदान्याबिगर भरीत? लोक हासतीन ना!"

"हसू देत. काय काय करावं लागेल?"

"मले काय माहीत?"

"मलाही नाही," बुवा म्हणाले. "हिला विचारा."

मिहिकानं वडिलांकडे पाहिलं. अशा वेळी तेच बोलत. ती मान खाली घालून बाजूला उभी राहत असे. गुरुजींनी तोंड उघडलं, हातातल्या वांग्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

…

"राहू द्या," ती पुटपुटली. "माझ्या एकटीसाठी कशाला सगळ्यांना त्रास."

"एकटीसाठी कोण करतंय? मलाही भूक लागलीय."

"…भांडं वेगळं लागेल."

"काय म्हणालीस? द्वारकाबाईंना ऐकू नाही आलं."

"भांडं वेगळं लागेल!" तिचा आवाज एकदम चढला, तशी ती स्वतःच दचकली. मग थांबली मात्र नाही. "स्टीलचं. साबणानं घासलेलं. भरीत ठेचायची तुमची लाकडी डोण नको, लाकडात तेल मुरलेलं असतं. खलबत्ता नको, त्यात कूट झालंय. मिरची मी विळीवर चिरेन, विळी धुऊन. तेल शेंगदाण्याचं नको."

"सूर्यफुलाचं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "कालच आनलं. डबा फोडला बी नाही."

"डब्यावरचं मला वाचायला द्या. आणि मावशी, माझ्या भांड्यात तुमचा चमचा घालायचा नाही. चुकूनसुद्धा."

"नाही घालत, माय."

"चूल?"

"वेगळी पेटवू. कपाशीच्या काड्या ढीगभर हायेत."

बुवांनी विचारलं, "आणि एवढं करूनही चुकलंच, तर?"

मिहिकानं दप्तरातून इंजेक्शनचं पेन काढलं. "हे मांडीत टोचायचं. कपड्यावरूनच. आणि लगेच दवाखान्यात न्यायचं, बरं वाटलं तरी."

"कसं धरायचं, दाखव."

तिनं टोपण न काढता दाखवलं. बुवांनी ते द्वारकाबाईंना करून दाखवायला लावलं. द्वारकाबाईंनी पेन उलटं धरलं. मिहिकानं ते सरळ केलं. पुन्हा करून घेतलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

"तालुक्याचा दवाखाना पंधरा मिनिटांवर आहे," बुवा गुरुजींना म्हणाले. "तुमची गाडी दाराशी आहे. आता ते वांगं तिला द्या. भाजायचंय."

…

अंगणाच्या एका कोपऱ्यात मठाच्या चुलीवर द्वारकाबाईंचं भरीत, दुसऱ्या कोपऱ्यात तीन विटांवर मिहिकाचं.

कपाशीच्या काड्या तडतडत पेटल्या. वांग्यांची सालं काळी पडली, चरचरली, आतून वाफ फुटली. तिला भाजता येत नव्हतं. एक वांगं एका बाजूनं कच्चं राहिलं, ते पुन्हा विस्तवावर ठेवावं लागलं. धुरानं डोळे चुरचुरले. बोट भाजलं. गुरुजी दोनदा उठले, आणि दोनदा आपणहून खाली बसले.

पातेल्यात कांद्याची पात पडली, लसूण पडला, हिरवी मिरची पडली. तेलाचा वास अंगणभर झाला.

द्वारकाबाई आपल्या चुलीवरून उठून आल्या. हात पुढे केला. "पाहू बरं, घासभर…"

"थांबा!"

पंगतीसाठी अंगणात जमलेले सगळे वळून पाहू लागले.

"आधी हात धुवा मावशी. साबणानं."

द्वारकाबाईंचा हात तसाच हवेत राहिला. गुरुजींना वाटलं, आता बाई रागावणार आणि मुलगी पुन्हा दप्तर घेऊन कोपऱ्यात जाऊन बसणार.

"अवो, माह्या सासूनं कदी येवढं दरडावलं नाही मले!" द्वारकाबाई मोठ्यानं हसल्या आणि हौदाकडे गेल्या. धुतलेले हात समोर धरूनच परत आल्या. "पाह्य. झालं?"

"नखंसुद्धा?"

"नखंसुद्धा, माय."

मिहिका हसली. चांगली खळखळून हसली. गुरुजींनी मान दुसरीकडे वळवली.

द्वारकाबाईंनी घास तोंडात टाकला. चावला. "आमच्या भरतासारखं नाही," त्या म्हणाल्या, "पन लागतं बरं. खोटं कायले बोलू?" आणि आणखी हवं म्हणून धुतलेली वाटी पुढे केली.

मग अंगणातल्या आणखी दोघीजणी हात धुऊन आल्या.

…

पंगत बसली. मिहिकानं डब्यातल्या आपल्या पोळ्या काढल्या.

बुवाही हात धुऊन आले आणि तिच्या पानाशेजारी बसले. इतक्या जवळ बसून तिच्या पातेल्यातलं कुणी दोन वर्षांत जेवलं नव्हतं. घरी आई-बाबाही भीतीपोटी तिचं झाल्यावर बसत.

"अर्धी पोळी दे," बुवा म्हणाले.

तिनं पोळी मोडली. बुवांना वाढलं, वडिलांना वाढलं, मग आपल्या ताटात घेतलं. पहिला घास हातात धरून ती जरा वेळ बसली… मग खाल्ला. काही झालं नाही. दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासाला ती शेजारणीशी बोलायला लागली होती. ताटाकडे तिचं लक्षच नव्हतं.

जेवण उरकत आलं, तशी ती बुवांकडे वळली.

"कसं झालंय?"

"उत्तम!" गुरुजी लगेच म्हणाले. "फारच छान! असं भरीत मी कधी…"

बुवांनी शेवटचा घास सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला हात जरा सैल सोड."