उंबरखोऱ्यातली लायकी

उंबरखोरे नावाच्या जंगलात एक रानडुक्कर राजा होता. त्याचं नाव सुळेराव. तो निवडून आलेला राजा होता, म्हणजे आधी तो राजा झाला आणि मग निवडणूक झाली. त्याचा प्रधान होता चिवटपंत नावाची घोरपड. राजे बदलले तरी प्रधान तोच असे, कारण एकदा खुर्चीला धरलं की त्याला सोडवणं कुणाला जमत नसे.

जंगलात एक मोठी गुहा होती. तिथे सगळे प्राणी हंगामात कंद, बोरं आणि मोहाची फुलं आणून टाकत आणि उन्हाळ्यात ज्याला लागेल त्याला तिथून मिळे. म्हाताऱ्यांचा उन्हाळा या कोठारावरच निघायचा. साळिंदर गोदाक्का त्यांपैकीच. तिचे दात झिजले होते, कठीण मुळं आता तिला कुरतडता येत नसत.

गोदाक्काची शेजारीण मालनबाई टिटवी. नदीच्या कोरड्या पात्रात, गोट्यांमध्ये ती अंडी घाली आणि उरलेल्या वेळात रानचिमण्यांच्या चोची बघत हिंडे. तिला तो नादच होता. एका दुष्काळात तिच्या लक्षात आलं की मऊ दाणे संपले, नुसते टणक उरले, तेव्हा जाड चोचीच्या चिमण्या जगल्या आणि त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. हे तिने भर सभेत सांगितलं.

"यात कुणाचा मोठेपणा नाही," ती म्हणाली. "त्या वर्षीच्या दाण्याला जी चोच जुळली ती टिकली. पुढच्या वर्षी दाणे मऊ आले तर बारीक चोच टिकेल."

सुळेराव झोपले होते. 'टिकली' हा शब्द ऐकून ते दचकून जागे झाले.

"काय म्हणतेय ती?"

"जो टिकतो तो लायक, असं म्हणतेय महाराज," चिवटपंत म्हणाले.

"मी टिकलोय का?"

"समोरच तर आहात महाराज."

"मग मी लायक?"

"हे आता विज्ञानाने सिद्ध झालं."

सुळेरावांना विज्ञान फार आवडलं. त्याच दिवशी उत्क्रांती खातं उघडलं आणि त्याचे मंत्री म्हणून चिवटपंतांनी शपथ घेतली. मग सुळेरावांचं भाषण झालं. "बंधू-भगिनींनो, आजवरच्या राजांनी तुम्हाला खायला घालून तुमची प्रगती रोखली! दुबळ्याला कंद देणं म्हणजे निसर्गाचा अपमान. आजपासून कोठार बंद! उपाशी राहा, उत्क्रांत व्हा!"

टाळ्या वाजल्या. सर्वांत जास्त सशांनी वाजवल्या, कारण दुबळा म्हणजे दुसरा कुणीतरी असणार अशी त्यांची खात्री होती.

मग लायकीची परीक्षा ठेवली. प्रश्न एकच होता: सुळ्यांनी जमीन उकरून दाखवा. हरणं नापास झाली. मासे गैरहजर राहिले. सशांनी लाकडाचे सुळे बांधून घेतले, त्यांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. परीक्षेत पहिले आले सुळेरावांचे भाचे.

पक्ष्यांसाठी वेगळा नियम होता: घरटं जितकं उंच, तितका पक्षी लायक. मालनबाईची अंडी जमिनीवर होती म्हणून तिला मागास ठरवलं आणि अंड्यांभोवती लाल मातीने वर्तुळ काढलं. अंड्यांतून पिल्लं निघाली तर ती नियमबाह्य समजली जाणार होती.

मालनबाई तडक दरबारात गेली.

"महाराज, मी असं म्हटलंच नव्हतं."

"बाई, तुम्ही सिद्धांत मांडलात," चिवटपंत मायेने म्हणाले. "आता तो उत्क्रांत झालाय. तुम्ही मागे राहिलात." त्यांनी तिला शाल आणि नारळ दिला. शालीखाली ती दिसेनाशी झाली आणि तेवढ्यात दरबार उठला.

गोदाक्का दोनदा कोठारावर जाऊन हात हलवत परत आली होती. मालनबाईने तिच्यासाठी चोचीने ओले कोंब वेचून आणले. ते गोदाक्काच्या एका घासालाही पुरले नाहीत.

"तू उगाच शिणू नकोस," गोदाक्का म्हणाली. "अंडी सांभाळ. मी काय, आज आहे उद्या नाही."

"असं बोलायचं नाही, अक्का. महाराजही तेच म्हणतायत."

इकडे कोठाराचं रक्षण करायला सुळेराव स्वतः गुहेत राहायला गेले होते. ते दिवसरात्र रक्षण करीत. रक्षण करता करता ते इतके फुगले की त्यांचं फक्त तोंडच गुहेबाहेर येई. तेवढ्यावरच ते भाषणं देत. लोक म्हणत, बघा, लायकी कशी अंगी लागते.

आणि मग भर दुपारी वणवा लागला.

तो आधी मालनबाईला दिसला. ती जिवाच्या आकांताने ओरडत साऱ्या जंगलावरून फिरली. "नदीकडे! गोट्यांत चला!" जिथे तिची अंडी नापास ठरली होती, त्याच पात्रात सगळे धावले. तिथे जळायला काही नव्हतं. उंच झाडांवरची लायक घरटी बघता बघता पेटली. घार, गरुड आणि धनेश लाल वर्तुळाशेजारी पंख मिटून बसले.

गुहेकडून आरोळी आली. "कुणी आहे का?"

सुळेराव दारात अडकले होते. चिवटपंत केव्हाच पात्रातल्या उरल्यासुरल्या डोहात जाऊन बसले होते. ते म्हणाले, "निसर्ग परीक्षा घेतोय. मध्ये पडू नका."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सशांनी लाकडी सुळे काढून डोहात टाकले. कुणी हलेना. तेवढ्यात गोदाक्का उठली.

"अक्का, त्यानेच तुम्हाला उपाशी ठेवलं," एक हरीण म्हणालं.

"ठेवलं. म्हणून मी त्याला जळताना बघत बसू?"

ती धुरात शिरली. मालनबाई तिच्या डोक्यावरून ओरडत तिला वाट दाखवत राहिली. गोदाक्काने दाराची माती उकरली, मग हरणंही आली, कुणी माती हटवली, कुणी ओढलं आणि महाराज मोठा आवाज करून बाहेर पडले. गोदाक्काचे निम्मे काटे जळाले.

दुसऱ्या दिवशी राखेवर सभा भरली. सुळेराव म्हणाले, "आगीलाही मी पुरून उरलो! आणखी काय पुरावा हवा?" पुन्हा टाळ्या वाजल्या. सशांनी नवे सुळे बांधले होते.

मग चिवटपंतांनी हुकूम वाचला. गोदाक्का आणि हरणांवर निसर्गाच्या कामात अडथळा आणल्याचा, शिवाय सरकारी दार खणल्याचा खटला भरण्यात येत आहे. गोट्यांतली अंडी वाचल्यामुळे यापुढे घार, गरुड, धनेश सर्वांनी नदीच्या पात्रातच अंडी घालावीत.

"पावसाळ्यात इथून नदी वाहते!" मालनबाई ओरडली.

"तेव्हाचं तेव्हा विज्ञान बघेल," चिवटपंत म्हणाले.

चारच दिवसांत तिची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली आणि लगेच पळू लागली. त्यांना घेऊन ती पलीकडच्या माळावर निघाली. "चला अक्का," ती म्हणाली. गोदाक्काला चालवत नव्हतं. "तू हो पुढे," ती म्हणाली. "मदत वाटणार आहेत म्हणे. पोटाला आधार झाला की येते."

मदत खरंच वाटली. निवडणूक जवळ आली होती. प्रत्येक घराला एक कंद मिळाला आणि प्रत्येक कंदावर महाराजांचा हसरा चेहरा कोरलेला होता. गोदाक्काने दिवसभर रांगेत उभं राहून आपला कंद घेतला आणि तोंडाला लावला. तेवढ्यात रखवालदार धावत आला. त्याने बजावलं की महाराजांचा चेहरा खाणं हा राजद्रोह आहे, बाकीचा कंद खायला सरकारची काहीच हरकत नाही.

गोदाक्काने कंद उलटसुलट करून पाहिला. सगळीकडे चेहराच होता.