काकणपरीची अट

छोट्या शेवूला आईबाप नव्हते. होता फक्त धोंडूमामा आणि मामाचं बांगड्यांचं दुकान. लाल, पिवळ्या, मोरपंखी बांगड्या कशा लखलखायच्या! पण मामाची जीभ? अगं बाई! ठेच्यात बुडवून काढल्यासारखी. "घ्यायच्या तर घ्या, नाहीतर चालू लागा!"

बांगड्या भरून झाल्या की बायका कासाराला नमस्कार करतात, अशी तिथली रीत. नमस्कार घेऊन घेऊन मामा शेफारला होता. मग काय, आजीपणजीपासून येणाऱ्या बायका शेजारगावच्या दुकानात जाऊ लागल्या.

"दुकान बंद करावं लागणार," एकदा मामा म्हणाला. "शेवे, तुला लांबच्या आत्याकडे धाडतो."

शेवू मागच्या पेरूच्या बागेत जाऊन रडू लागली. तिथं झाडाखाली फुटक्या बांगड्यांच्या काचा पडलेल्या असत. त्या चमचमल्या आणि त्यांतून एक इवलीशी परी वर आली. पंख हिरवे, झगा गुलाबी.

"मी काकणपरी. दोन इच्छा माग, बाळे. पण दुकानातून एक जरी माणूस दुखावून गेलं, तर दुकानातली जादू विझेल. आणि कुणाचा स्वभाव काही मला बदलता येत नाही हं."

"मग दुकानात खूप सुंदर बांगड्या येऊ देत!"

झालं! चांदण्यांसारख्या बांगड्यांनी दुकान भरलं. बायकांची ही झुंबड उडाली. त्यांत भागाआजीही होती. नातीच्या लग्नासाठी तिला हिरवा चुडा भरायचा होता. पण तिची बोटं सांधेदुखीनं आखडलेली. बांगडी चढेना.

"हात आहे का खराटा?" मामा खेकसला. "उठा, खोळंबा करू नका!"

आजी डोळे पुसत उठली. त्याच क्षणी जादूच्या साऱ्या बांगड्या राखेसारख्या काळवंडल्या. बायका निघून गेल्या. मामा डोकं धरून बसला.

शेवूनं जुन्या साध्या हिरव्या बांगड्या उचलल्या, तेलाची वाटी घेतली आणि आजीमागं धावली. पारावर बसवून तिनं आजीचा हात तेलानं चोळला. "दुखलं तर सांगा हं, आजी. आपल्याला घाई नाही." एक बांगडी फुटली. "असू दे, ती आमची," शेवू म्हणाली.

परी पारावर उतरली. "दुसरी इच्छा?"

दुकानासाठी मागावं, असं शेवूला फार वाटलं. पण आजीची आखडलेली बोटं तिच्या हातात होती.

"आजीचं दुखणं थांबू दे."

परी हसली. आजीची बोटं मोकळी झाली, चुडा सर्रकन चढला. मागोमाग आलेला मामा कोपऱ्यावरून सारं बघत होता. तो पुढं आला. आजी रीतीप्रमाणे नमस्काराला वाकणार, तोच मामानंच वाकून तिच्या पायांना हात लावला.

"चुकलो, आजी. दुकानात चला. नातीचाही चुडा मी भरतो, सावकाश."

लख्ख उजेड पडला आणि परी त्यात विरून गेली. आजीचं मन निवलं, तशा दुकानातल्या बांगड्या पुन्हा झळकू लागल्या. शेवू आत्याकडे गेली नाही. दारात कुणी आलं, की मामाच आधी हात जोडतो.